लाल बाण

तिने वाकून बोटीतल्या पांढऱ्याशुभ्र सोफ्याच्या शिवणीत अंगठ्याचं नख घातलं. नख सरळ आत गेलं.

“दोरा कच्चा आहे,” ती म्हणाली. “चार लाटा अंगावर आल्या की उसवेल.”

बोटी विकणाऱ्या त्या माणसाला धक्क्यावर सगळे कप्तान म्हणत. या बोटीच्या वेगाचं गुणगान करून त्याच्या तोंडाला कोरड पडली होती, पण सोफ्याची शिवण बघणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. त्याने मदतीच्या आशेने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा नुसता हसला. ही कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती, हिच्या नजरेतून सुटलेला शर्ट अजून शिवून व्हायचाय, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

ती बोट पसंत करायला आलीच नव्हती. ती मोडता घालायला आली होती.

नवऱ्याचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यापासून त्याने एकच पालुपद धरलं होतं: आयुष्यभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊ दे. किनाऱ्याकिनाऱ्याने, लहानलहान बंदरं बघत. आधी तिने ते हसण्यावारी नेलं. पण त्याने बोट चालवायचा परवानाही काढला, तेव्हा मात्र ती धसकली. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारा माणूस हा, आणि इथली हवा म्हणजे घटकेत ऊन, घटकेत पाऊस. हा एकटा समुद्रावर जाणार या विचाराने ती रात्री उठून खिडकीतून आभाळ बघायची. तुम्ही खुशाल जा, मी किनाऱ्यावरून हात हलवेन, असं ती चारचौघांत म्हणायची. लेकीला मात्र तिने फोनवर बेत सांगून टाकला होता: प्रत्येक बोटीत इतक्या खोडी काढीन, की कंटाळून नादच सोडतील.

पर्समध्ये तिचं जुनं हत्यार होतं, लाल बाणांच्या चिकटपट्टीचं भेंडोळं. वाया गेलेल्या कपड्यावर ती कधी बाण खर्च करत नसे. तो मुकाट्याने ढिगात जाई. चांगल्या कपड्यात एखादीच खोट असली, तर तिथे बाण लागे. एवढं करा आणि पुढे पाठवा, असा त्याचा अर्थ. निवृत्त होताना उरलेले बाण तिने घरी आणले होते. दाढी करताना नवऱ्याच्या गालावर एखादा पट्टा राहिला, तर तिथेही एक लागायचा.

वेगवान बोट ढिगात गेली. दुसरी चांगली दुमजली होती, तिच्यात सहा माणसांची झोपायची सोय होती. एवढ्या उंच भिंतींना वारा लागला तर धक्क्याला लावताना हिला आवरणार कोण, असं तिने विचारलं आणि कप्तान खोकला. तिसरीचं इंजिन पलंगाखाली होतं. भर समुद्रात ते बंद पडलं, तर आधी गाद्या उचलायच्या का, हा तिचा पुढचा प्रश्न. पुढच्या टोकाकडे जायच्या वाटेवर हाताला धरायला काही नाही, काच पुसणारे वायपर बोटभर, दार उघडलं की पाऊस थेट आत. ती बोलत राहिली आणि नवरा माना डोलवत राहिला. कंटाळायचं सोडून हा खुलतोय कसा, हे तिला कळेना.

“वहिनी, तुमच्यासाठी एक बोट आहे,” कप्तान शेवटी म्हणाला. “दिसायला काही खास नाही.”

चौथी बोट ठेंगणी, रुंद आणि करडी होती. तिने कठड्याला हिसडा दिला. तो हलला नाही. जमिनीतली झडप उचलताच सगळं इंजिन समोर दिसलं. सुकाणूच्या चाकाजवळची खोली चारी बाजूंनी बंद होती, दारं दोन्हीकडे सरकणारी, वायपर हातभर लांब. तिने शिवणीत नख घालून पाहिलं. नख अडलं. तिला जरा रागच आला.

फेरी मारायला निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं. चाकाशी एकच उंच खुर्ची होती, तीवर नवरा बसला. ती मागच्या बाकावर, टेबलाची कड घट्ट धरून. खाडीचं तोंड ओलांडलं आणि वारा फिरला. आभाळ खाली आलं, पावसाची सर काचेवर आडवी आदळली. बोट डुलली, पुन्हा सावरली आणि आपल्या बेताच्या चालीने पुढे जात राहिली. नवऱ्याने वेग कमी केला. त्याचे हात लिफ्टच्या तारा तपासताना असत तसे शांत होते. टेबलाची कड आपण कधी सोडली ते तिला कळलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं की तो बोलतोय. मान डावीकडे वळवून, बोट दाखवून, हसून काहीतरी सांगतोय. इंजिनाच्या घरघरीत तिला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. डावीकडे कुणीच नव्हतं. एक रिकामा कोपरा होता आणि तिथे दोरांची गुंडाळी पडली होती. तरी तो त्या कोपऱ्याला सगळं मन लावून सांगत होता, आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता.

ती उठली, छताचा दांडा धरत पुढे गेली आणि त्याचा चष्मा ओढून नाकावर बसवला.

“अगं, तुला केव्हाचा सांगतोय,” तो म्हणाला. “तो पाण्यावर तरंगणारा लाल बोया बघ, त्याच्यावर कसा पक्षी बसलाय.”

तिने पाहिला. पक्षी भिजून चिंब झाला होता आणि जागचा हलत नव्हता.

धक्क्याला लागेपर्यंत पुन्हा ऊन पडलं होतं. कप्तानने धीर करून विचारलं, की वहिनींचं काय म्हणणं. तिने पर्स उघडली, भेंडोळ्यातून एक बाण सोलला आणि चाकाच्या डावीकडच्या त्या रिकाम्या कोपऱ्यात भिंतीवर दाबून बसवला.

नवऱ्याने बाण पाहिला. त्याला या बाणाचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. तो उगाचच चष्मा काढून पुसू लागला.

कप्तान मात्र गोंधळला. त्याने खाली वाकून भिंत निरखली, तीवर हात फिरवून पाहिला.

“इथं तर काहीच नाही, वहिनी.”

“तेच तर,” ती म्हणाली. “खुर्ची बसवा. आणि त्यांच्यासारखी उंच नको, माझे पाय टेकले पाहिजेत.”