पटका हलला का?

भुजंगराव मुळातच घुमे. सोनपेठच्या आसपास सोयरीक असो की बांधाचं भांडण, लोक त्यांच्याकडं यायचे. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी नुसती मान हलवायचे. डोक्यावरचा पटका खाली-वर झाला की विषय संपला. घरातही तीच तऱ्हा. लेकरं जत्रेला जायचं विचारून आली की त्यांची बायको कडूबाई म्हणायच्या, "पटका हलला का?"

ब्याण्णव साली धाकटी लेक अंबिका पुण्यात कॉम्प्युटर शिकली आणि तिला बंगलोरला नोकरी लागली. बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. भावकीत कुजबुज सुरू होती, पोरीच्या जातीनं एवढ्या लांब एकटीनं राहायचं म्हणजे काय! अंबिकानं मात्र आईला बजावलं होतं, "आबा हो म्हणले तरच जाईन."

म्हणून त्या दिवशी भुजंगराव आणि कडूबाई बाजारातल्या सितारामच्या एसटीडी बूथवर आले. कडूबाई बाहेर थांबल्या. सितारामनं अंबिकाच्या पुण्यातल्या होस्टेलचा नंबर लावून दिला. भुजंगरावांनी जन्मात पहिल्यांदा फोन कानाला लावला.

"आबा, जाऊ का मी?"

त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. त्यांनी चांगली ठसक्यात मान हलवली.

"आबा?"

पुन्हा हलवली.

"राग आला का?" अंबिकाचा आवाज पडला. "बरं, ऱ्हाऊ द्या. येत न्हाई म्हणून कळवते त्यांना."

भुजंगरावांनी फोन कानाशी घट्ट दाबला. आपण हो म्हणायलोय आणि ही पोरगी असं काय करायलीय? ते इतक्या जोरानं मान हलवायला लागले की पटका सुटून खांद्यावर आला.

सितारामनं काच ठोठावली. "मालक, तिला दिसत न्हाई! तोंडानं बोला!"

तोंडानं! एवढ्या आनंदाचं तोंडानं काय बोलतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिकडून मुसमुसणं ऐकू यायला लागलं, तसा त्यांनी शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसा आवाज काढला.

"हलला गं माय! पटका कवाचा हलायलाय!"

पलीकडं अंबिका रडता रडता खळखळून हसली.

"जा तू बंगलोरला. भावकीला मी बघतो."

ते बाहेर आले तेव्हा अर्धा बाजार बूथकडं बघत होता. मिरच्या विकणाऱ्या आश्रुबानं विचारलं, "काय झालं, भुजंगराव?"

"लेक माझी! कॉम्प्युटरवर काम करायला बंगलोरला चाललीय!" बोडक्या डोक्यानं, हातात पटका धरून त्यांनी साऱ्या बाजाराला सांगितलं.

आश्रुबानं कौतुकानं मान हलवली.

"मान नगं हलवू, आश्रुबा," भुजंगराव म्हणाले. "तोंडानं बोल."