एकशे अठराचं कुलूप

साहेबांनी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा मी चष्मा पुसत होतो. मुद्दाम पुसत होतो, खोटं कशाला बोलू. ड्रिल प्लगला लावून तयार होतं, खण समोर होता, एकशे अठरा, खालून दुसरी ओळ. त्यांना वाटत होतं की मी एकदाचं भोक पाडावं आणि सुटावं.

तिजोरीच्या खोलीत आम्ही चौघं. नवे मॅनेजरसाहेब, साक्षीदार म्हणून कॅशियर, मी कुलूपवाला, आणि भिंतीशी उभ्या राहिलेल्या, लॉकरच्या बाई. एकतीस वर्षं त्या लोकांना जिना उतरवून खाली आणत होत्या. कमरेची बँकेची किल्ली काढायची, फिरवायची, मग गिऱ्हाइकानं त्याची किल्ली फिरवायची. दोन्ही फिरल्याशिवाय खण उघडत नाही. गिऱ्हाइकाच्या किल्लीची नक्कल बँकेकडं नसते आणि बँकेची गिऱ्हाइकाकडं नसते. असं हे अर्ध्या अर्ध्या विश्वासाचं कुलूप.

त्या दिवशी बँकेची किल्ली साहेबांच्या खिशात होती. आदल्या संध्याकाळीच काढून घेतली होती. बाईंचा हात सारखा कमरेकडं जायचा आणि रिकामा परत यायचा.

जिना उतरताना साहेबांनी मला हळू आवाजात सगळं सांगितलं होतं. या खणाचा मालक नऊ वर्षांत फिरकला नाही. पत्रं पाठवली तर परत आली. तीन वर्षं भाडं थकलं की खण फोडायचा, असा नियम. पण याचं भाडं थकलंच नाही. तरी मालक सात वर्षं फिरकला नाही तर भाडं भरलेला खणही फोडता येतो, म्हणून आजचं काम. दरवर्षी रोख आलं, वेळेवर आलं, आठ वर्षं. आणि भरणारं माणूस कोण, तर आपल्याच लॉकरच्या बाई.

"परक्याच्या खणाचं भाडं कोण भरतं हो?" साहेब म्हणाले. "आत काय आहे ते ज्याला ठाऊक आहे, तोच."

वर म्हणाले, मी काही आरोप करत नाही. आरोप न करता जेवढं बोलता येतं तेवढं बोलून घेतलं. बाईंना निवृत्तीला दोन महिने उरलेले. साहेबांनी वर एक कागद पाठवला असता तर पेन्शन अडकली असती आणि एकतीस वर्षांच्या नावाला काळं लागलं असतं. आत काय होतं याची यादी कुणाकडंच नव्हती, तेव्हा काही गेलं नाही हे बाई दाखवणार कशावरून?

माझं काय, मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. पण कुलूप मला वाचता येतं.

आणि बाईंना मी वीस वर्षं ओळखत होतो. आम्ही दोघं एका बाजूचे, पोटासाठी परक्या मुलखात आलेलो. तिथं आपली भाषा बोलणारं कुणी भेटलं की चहा आपसूक होतो. वर्षातून दोनदा मी कुलपांना तेल द्यायला जायचो आणि बाई मला "भाऊ, साखर कमी केली का?" म्हणून दटावायच्या. तर या खणाची गोष्ट मला कधीचीच ठाऊक होती.

मालक म्हणजे जहाजावरचा भटारी. स्वयंपाकी हो. प्रत्येक फेरीला पगार वेगळ्या देशाच्या पैशात. बंदराला लागला की पहिला बँकेत यायचा, अंगाला कांद्याचा वास, आणि मिळालेल्या नोटा खणात ठेवून जायचा. बाईंनी त्याला पुष्कळ समजावलं होतं, की बाबा, परदेशी पैशाचं खातं निघतं, व्याज मिळतं, खणात नोटांना पिल्लं होत नाहीत. नोटा जुन्या होतात, बंद होतात. तर म्हणायचा, खात्याला पत्ता लागतो, माझा पत्ता तरंगतो. मग बाई म्हणाल्या, निदान सगळे बदलून एकाच देशाचे करून ठेव. तर म्हणाला, बदलणारा दरवेळी एक घास घेतो. मी स्वयंपाकी आहे बाई, मला घास कळतो.

शेवटचा आला तेव्हा जाताना जिन्यात थांबून म्हणाला होता, मी येईपर्यंत कुणाला उघडू देऊ नका. बाईंच्या हातात तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कागद होता. त्या "हो, हो" म्हणाल्या. आपण कुणालाही म्हणतो तसं.

मी एकदा विचारलं होतं, अहो, एवढ्यावर तुम्ही दरवर्षी पदरचं भरता? त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "मग काय करू, हो म्हणून बसले ना."

बाईंच्या घरी नवरा शिवणकाम करायचा, दम्याचा माणूस, पण जीभ तिखट. त्याला ठाऊक होतं सगळं. भाड्याचा महिना आला की म्हणायचा, माझ्यासाठी पण एक खण घे, तिथं गार असेल. पण पैसे तोच काढून द्यायचा, कापडाच्या गठ्ठ्याखालून.

हे बाईंनी साहेबांनाही सांगितलं होतं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, 'तोंडी', आणि खाली रेघ मारली.

आता कुलपाचं सांगतो. ड्रिल सरळ घातलं असतं तर दहा मिनिटांत काम. पण आतल्या पात्यांचा चुरा होतो, आणि त्या पात्यांवरच लिहिलेलं असतं की किल्ली कधी फिरली. म्हणून मी ड्रिल बाजूला ठेवलं आणि करवतीचं पान काढलं. साहेब म्हणाले, हे काय? मी म्हटलं, बिजागरीच्या बाजूनं घेतो, दरवाजा वाचेल, बँकेचा खर्च वाचेल. खर्च म्हटल्यावर साहेब म्हणाले, घ्या.

बिजागरीच्या दोन खिळी कापायला पावणेदोन तास लागले. त्या खोलीला खिडकी नाही. पंखा एक, तो पण दाराकडं तोंड केलेला. कॅशियर खुर्ची आणून बसला. साहेब दोनदा वर जाऊन आले. बाई मात्र हलल्या नाहीत. मी म्हटलं, ताई, टेका जरा, पाय दुखतील. तर म्हणाल्या, "माझ्या खोलीत काम चाललंय आणि मी बसू?" किल्ली काढून घेतलेली, आणि माझी खोली म्हणतात.

दुसरी खीळ तुटली, दरवाजा उलट्या बाजूनं माझ्या हातात आला. खणातला पत्र्याचा डबा दिसला. साहेब पुढं झाले. मी हात आडवा धरला आणि म्हटलं, आधी हे बघा, डबा कुठं पळत नाही. त्या आवाजात मी आयुष्यात कुठल्या साहेबाशी बोललो नव्हतो.

खाली वर्तमानपत्र अंथरलं, दरवाज्याचं कुलूप सोडवलं आणि त्याचं मागचं झाकण काढलं.

मी शेकड्यानं कुलपं उघडली असतील, पण हातातला पेचकस तसाच राहिला. गिऱ्हाइकाच्या किल्लीच्या बाजूला सात पात्या असतात, एकीवर एक, पत्त्यांसारख्या. किल्ली फिरली की सातही उचलल्या जातात, प्रत्येक वेगळ्या उंचीला. या सात पात्या एक झाल्या होत्या. फार जुनं तेल, मी तिथं लागायच्या आधीच्या कारागिराचं, किल्ली फिरत होती तोवर नुसतं चिकट राहिलेलं, मग लाखेसारखं वाळून पिवळं झालेलं. मी वरून दिलेलं तेल भोकाच्या तोंडाशीच थांबलं होतं, खाली उतरलंच नव्हतं. नऊ वर्षं त्या पात्या एकमेकींना धरून बसल्या होत्या आणि वरचा थर काचेसारखा अखंड. कुठं चरा नाही, कुठं तडा नाही.

शेजारचा एकशे एकोणीस रिकामा होता, गेल्याच आठवड्यात गिऱ्हाइकानं सोडलेला. त्याचं कुलूप मी काढून बाजूला ठेवलं, झाकण उघडलं आणि साहेबांच्या हातात पेचकस दिला.

"याच्या पात्या हलवा, साहेब."

हलवल्या. सुळसुळ हलल्या.

"आता याच्या."

साहेब उकिडवे बसले. इस्त्रीची पँट, गुडघ्याला पितळेचा कीस लागला, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पेचकसाचं टोक वरच्या पातीला लावलं आणि दाबलं. हलली नाही. जोरानं दाबलं. कट् असा बारीक आवाज झाला, वाळलेलं पान मोडावं तसा, आणि त्या पिवळ्या थरात एक तडा गेला.

"हा तडा आज गेला," मी म्हटलं. "तुमच्या हातानं. कुणाचीही किल्ली, खरी किंवा खोटी, एकदा जरी आत फिरली असती तरी हा तडा तेव्हाच गेला असता."

कॅशियर खुर्चीवरून उठला, कशाला ते त्यालाही कळलं नसेल. साहेबांनी त्या तड्यावरून बोट फिरवलं. माणूस वाईट नव्हता हो. हिशेबी होता, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारणारा नव्हता. उठले, खिशातून बँकेची किल्ली काढली आणि बाईंपुढं धरली. दोन्ही हातांनी धरली.

बाई म्हणाल्या, "आधी काम पुरं होऊ द्या."

मग डबा उघडला. मी बघणार नव्हतो, आपला तो धंदा नाही, पण कॅशियर एकेक वस्तू मोठ्यानं बोलून यादी करत होता. मेणकापडाच्या सात पुरचुंड्या, प्रत्येक देशाची वेगळी. आतल्या नोटा इतक्या सरळ की जणू इस्त्री केल्या. एक पुरचुंडी सोडवून कॅशियर थांबला आणि म्हणाला, साहेब, हा देश आता या नावानं राहिला नाही. आम्ही सगळेच वाकून बघायला लागलो. एक आख्खा देश पुसला गेला होता आणि त्याच्या नोटेला साधी घडी पडलेली नव्हती. एका रुमालात बाईमाणसाच्या दोन बांगड्या. लहान मापाच्या. त्या कुणासाठी, कुणालाच ठाऊक नाही.

आणि तळाशी एक पाकीट. याच देशाच्या नोटा. वर पेन्सिलीनं, शिकलेल्याचा हात नव्हता तो, लिहिलेलं होतं, 'खणाचं भाडं. बाईंकडं द्यायचं.'

बाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतात. बघतो तर हसत होत्या.

"भाडं बाजूला काढून ठेवलंय, काळजी करू नका, असं म्हणाला होता खरं," त्या म्हणाल्या. "कुठं ठेवलंय ते मी मेलीनं विचारलंच नाही."

खणाचं भाडं खणात कोंडून माणूस समुद्रावर गेला होता. जगातली एकच अशी जागा, जिथून बाईंना ते काढता येणार नव्हतं. कॅशियरनं बघितलं, बारा वर्षांचं होतं. म्हणजे जातानाच त्यानं मनाशी बारा वर्षं धरली होती. हसू तिथंच थांबलं सगळ्यांचं.

साहेबांनी पाकीट उचलून पुढं धरलं. म्हणाले, बाई, यातले आठ वर्षांचे तुमचे. तुम्ही भरलेत. मी तसा शेरा लिहितो, सही करतो, नियमात बसवतो. घ्या.

बाईंनी नको म्हणून मान हलवली.

"बाई, ते तुमचेच आहेत. त्यानंच लिहिलंय."

"लिहिलंय ना, द्यायचं म्हणून? मग तो देईल." त्या पाकिटापासून एक पाऊल मागं सरकल्या. "त्याच्या मागं त्याच्या खणात हात घालून मी पैसे घेऊ? मग तुम्हाला काल जे वाटत होतं ते आज खरंच झालं की, साहेब."

मला त्या खोलीत उभं राहवेना. आयुष्यभर मी दुसऱ्यांची कुलपं उघडत आलो. मनात कधी पाप आणलं नाही, पण बढाई होती, की आपल्याला उघडणार नाही असं काही नाही. त्या दिवशी ती बढाई उतरली. मी वाकून उगाच पानं आणि पेचकस गोळा करायला लागलो.

शेवटी ठरलं ते असं. इथून पुढचं भाडं पाकिटातून जाईल, कारण ते त्याचसाठी ठेवलेलं. आठ वर्षांचे पैसे पाकिटातच राहतील. सगळं होतं तसं परत डब्यात. मी नव्या बिजागऱ्या ठोकल्या, नवं कुलूप बसवलं, गिऱ्हाइकाची नवी किल्ली लाख लावून मोहरबंद केली. बँकेची किल्ली बाईंनी आता घेतली, फिरवून बघितली, आणि कमरेला अडकवली. मी मजुरी घेणार नव्हतो. बाई रागावल्या. म्हणाल्या, "भाऊ, बँकेचं काम आहे, माझं नाही. पूर्ण बिल लावा."

लावलं.

वर आलो तर दुपार टळलेली. खण उघडला की नोंद करावी लागते, म्हणून बाईंनी वही घेतली. तारीख घातली, वेळ घातली, एकशे अठरा लिहिलं. साक्षीदाराच्या रकान्यात कॅशियरनं सही केली, साहेबांनी केली, मी माझी मोडकीतोडकी केली. एक रकाना उरला, गिऱ्हाइकाच्या सहीचा. साहेब हळूच म्हणाले, तिथं आडवी रेघ मारून टाका बाई, पद्धत आहे तशी.

बाईंनी पेन उचललं. त्या चौकोनावर धरलं. खूप वेळ धरलं. मग रेघ न मारताच टोपण लावलं, शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घातली, आणि पान उघडंच ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "या, खाली चला. पायऱ्या जपून."