एवारिस्तोंचा घसा

मुलांनो, तोंडात पाण्याचा घोट घ्या, मान मागे टाका आणि गुळणी करा. येतोय ना गार्र-गार्र आवाज? आता असं समजा, की स्पेनमधल्या आमच्या वाल्देरोब्ले गावात, एका स्वयंपाकघरात आठ वर्षांची कासिल्दा तशीच गुळणी करते आहे आणि तिचे आजोबा एवारिस्तो टेबलाशी बसून ऐकताहेत.

एवारिस्तो जन्मभर गावात दवंडी देत आले. मासळीची गाडी आली, कुणाची शेळी हरवली, सगळं त्यांच्याच तोंडून कळायचं. गेल्या हिवाळ्यात घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढलं. तेव्हापासून ते बोटानं दाखवत आणि कासिल्दा बोलत असे. आता हवा गिळायची, ती ढेकरेसारखी वर आणायची आणि तिचेच शब्द करायचे, असं ते शिकत होते. शब्द काही होत नव्हते. नुसती घरघर.

त्यांनी वैतागून हात झटकला.

"असं काय करता, आजोबा?" कासिल्दा तोंड पुसत म्हणाली. "शाळेत बाई सांगत होत्या, घशाला आपण गार्गांता म्हणतो ना, ते या गुळणीच्या आवाजावरूनच. आधी नुसतं गार्र-गार्रच होतं. शब्द मागून आला. तुमचं गार्र तर झालंय की."

एवारिस्तो हसले. हसण्यालाही आवाज नव्हता. मग त्यांनी टोपी चढवली, पावाची पिशवी उचलली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आज मागायचं ते मी मागणार.

"या सरकार," बेकरीवाली मिलाग्रोस म्हणाली आणि सवयीनं कासिल्दाकडे वळली. "काय देऊ गं? रोजचाच पाव?"

एवारिस्तोंनी हात वर करून तिला थांबवलं. हवा गिळली.

"प..." पुढे घरघर.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "म्हाताऱ्यानं बेडूक गिळला वाटतं."

"पोरी, सांगून टाक ना एकदाचं," मागची बाई म्हणाली. "माझी डाळ करपेल तिकडे."

एवारिस्तोंचे कान लाल झाले. पण ते काउंटरपासून हलले नाहीत. त्यांनी पुन्हा हवा गिळली.

सगळे कासिल्दाकडे बघत होते. शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. तिनं ओठ घट्ट मिटले, रांगेतून वाट काढत ती रस्त्यावर गेली आणि दुकानाचं दार तिनं मागे ओढून घेतलं. आता पाव मागायला आत फक्त आजोबाच होते.