भागीरथाबाईचा गडवा

पंचावन्न साली मी सावली गावाजवळच्या एका खेड्यात ग्रामसेवक होतो, आणि गावाची विहीर अडली होती. गावकऱ्यांनी ती आपल्या हातांनी खणत नेली, पण खाली काळा कातळ लागला आणि सब्बली, म्हणजे पहारी, बोथट झाल्या. बायका तोवर दूर नाल्यावर झिरे उकरून पाणी आणत होत्या.

कातळ फोडायचं यंत्र परदेशी मदत खात्याकडे होतं. त्या खात्याचे सर्वांत वरचे साहेब, बार्टन, यंत्र कुठल्या गावाला द्यायचं ते स्वतः पाहायला येणार होते. त्यांच्या सरकारच्या वतीने जगभर मदत वाटणं ही त्यांची नोकरी. दान करायचा पगार घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहणार होतो.

गरजू गाव हवं, असं वरून बजावलं होतं. म्हणून मी गावाची चांगली तालीम घेतली. जुनी लुगडी नेसा, हसू नका, कोणी काही विचारलं तर पाण्याचंच बोला. पाटील नानाजींना तर मिशांना तेलही लावू नका म्हटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या सहज डोलावल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

साहेबांची जीप आली आणि मी कपाळावर हात मारला. नानाजींच्या मिशा चकाकत होत्या. बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. आणि चिंचेखाली साहेबांच्याच खात्याने मागे वाटलेले दूधपावडरचे डबे ओळीने मांडले होते, तांदूळ, मोहफुलं, चिंच आणि चारोळीने शिगोशिग भरलेले.

हा उद्योग कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. नानाजींची थोरली बहीण भागीरथाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मी दात-ओठ खात तिच्याजवळ गेलो.

“दुसऱ्याचं भांडं रिकामं वापस करतेत का जी?” ती म्हणाली. “तुमच्या मायनं हे बी नाई शिकवलं?”

साहेबांनी डबे पाहिले आणि दुभाष्याच्या तोंडून सांगितलं की गाव चांगलंच सुखवस्तू दिसतं, यंत्राची जास्त गरज दुसऱ्या गावाला असेल. शिवाय त्यांच्या खात्याला फक्त देता येतं, घेता येत नाही, तसा नियमच आहे.

भागीरथाबाईला मात्र साहेबांचीच काळजी वाटू लागली. नुसतं द्यायचं, घ्यायचं काहीच नाही, मग या माणसाचं घर चालतं कसं? तिने चौकशी सुरू केली. शेती आहे का? नाही. बैल? नाहीत. राहतं घर तरी स्वतःचं? सरकारचं. बायका हळहळल्या. एकीने तर डोळ्यांना पदर लावला. शेवटी घरी म्हातारी आई आहे एवढं निघालं, तेव्हा कुठे सगळ्यांना बरं वाटलं.

भागीरथाबाई घरात गेली, लग्नातला पितळी गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन आली. तिने डब्यातली चारोळी त्यात ओतली आणि जीपमध्ये बसलेल्या साहेबांच्या मांडीवर ठेवला.

“हे तुमच्या सरकारले नाई,” ती म्हणाली. “तुमच्या मायले हाय.”

आईसाठी दिलेलं नाकारायचा नियम त्यांच्या खात्यात नसावा. साहेब गडवा घट्ट धरून गेले.

मी मग तोंडाचा पट्टाच सोडला. विहीर गेली, वर घरचा गडवाही गेला, असं मी तिला ऐकवलं. ती शांतपणे चिंचेचे डबे झाकत होती.

“गडवा वापस तं येईनच,” ती म्हणाली. “आन् रिकामा कसा येईन?”

तिकडच्या लोकांना आपल्या रीती काय ठाऊक, असं मी म्हणालो आणि चिडून जेवायला गेलो.

दिवाळीनंतर गावात यंत्राचा ट्रक शिरला. दुभाष्याने मला खरं कारण सांगितलं. साहेबांची आई शेतकऱ्याची लेक. गडवा हातात पडताच तिने मुलाला एकच विचारलं, यात भरून काय पाठवणार आहेस? आई काही विषय सोडीना, तेव्हा साहेबांनी यंत्र आमच्या गावाला लिहून दिलं.

कातळ फुटून पाणी लागलं त्या दिवशी साहेब स्वतः गडवा घेऊन आले. त्यांनी नव्या विहिरीचं पाणी गडव्यात भरलं आणि दोन्ही हातांनी भागीरथाबाईला दिलं. तिने एक घोट घेतला. तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही.

साहेब घाईने निघाले. जीप दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं, त्यांची टोपी विहिरीच्या कठड्यावर राहिली होती. मी ती उचलायला वळलो, तर टोपी भागीरथाबाईच्या हातात. तिने ती उलटी धरली होती आणि किती मावेल याचा अंदाज घेत होती.

मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, तांदूळ नको बाई, टोपी फाटेल, चारोळीच भरा.