पाल्यावरचं कोकरू

चौऱ्याण्णव साली शेवगावजवळच्या एका मेंढी संशोधन केंद्रात अवधूत एकाच गोष्टीमागे लागला होता: कोकराला काय खायला घातलं म्हणजे मटण किती मिळतं आणि कसं मिळतं. स्वतः तो पिढीजात भिक्षुकांच्या घरातला. मटण सोडाच, केकसुद्धा अंड्याचा नाही ना, हे विचारून खाणारा. नोकरी लागली तेव्हा त्याची आई प्रेमलाबाई म्हणाली होती, "हात लाव हवा तेवढा, जीभ लावू नकोस." त्याने शब्द दिला आणि इतकी वर्षं पाळला.

त्या उन्हाळ्यात त्याने कोकरांचे दोन गट केले. एकाला मक्याचा भरडा आणि पेंड, दुसऱ्याला नुसता लसूणघास आणि सुबाभळीचा पाला. भरड्याची कोकरं भराभर भरली. पाल्यावरची पोटाने टम्म दिसायची, पण कापल्यावर मटण कमी आणि चरबीही कमी. एवढं तराजूने सांगितलं. चवीचं मात्र तराजू सांगेना.

म्हणून केंद्रातल्या भागिरथीबाईंनी दोन पातेल्यांत नुसत्या मिठावर मटण शिजवलं. कोणत्या पातेल्यात कोणतं, हे फक्त अवधूतला माहीत. सगळ्या कामगारांनी चाखलं आणि एकजात दुसऱ्या पातेल्याकडे बोट दाखवलं. ते पाल्यावरचं होतं!

"हे लई ग्वाड हाय," कोकरांना चारा घालणारा सहादू म्हणाला.

"गोड म्हणजे? साखरेसारखं?"

सहादू तोंडातला घास चघळायचा थांबला. "न्हाई वो सायेब. मटनासारखं ग्वाड."

"आणि वासाला?"

"पयल्याला तुपकट वास हाय, ह्याला रानाचा," भागिरथीबाई म्हणाल्या.

"रानाचा म्हणजे कसा?"

"आता काय सांगावं! तुमी कंदी खाल्लंच न्हाई, तर कशावरून सांगायचं?"

सगळे हसले. अवधूतही हसला, पण आतून चरफडला. ही कोकरं जन्मल्यापासून त्याच्या नजरेखाली वाढलेली, आणि त्यांच्याबद्दलची नेमकी हीच गोष्ट सहादूला ठाऊक आणि त्याला नाही, हे त्याला सहन होईना.

मंडळी हात धुवायला गेली. दोन्ही पातेल्यांत थोडंथोडं उरलं होतं. अवधूतला आई आठवली. मग दुसरं पातेलं दिसलं, आणि आईचं काही चाललं नाही. त्याने डोळे मिटून आधी पहिल्यातली एक फोड खाल्ली, पाण्याने चूळ भरली, मग दुसऱ्यातली खाल्ली. वाट पाहिली. दोन्ही सारख्याच नव्या, सारख्याच विचित्र. फरक कळायला आधी ओळख लागते, हे एवढं शिकूनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी आई ओसरीवर वाती वळत बसली होती. त्याच्याने लपवणं होईना. खाली मान घालून त्याने सगळं सांगून टाकलं. प्रेमलाबाईंचे हात थांबले. आता ही रडणार, जेवण सोडणार, असं त्याला वाटलं.

"दोन्ही खाल्लीस?"

"हो."

त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली आणि त्या जरा पुढे सरकल्या.

"मग? काय फरक लागला रे?"

"मला... काही कळलाच नाही, आई."

प्रेमलाबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे शब्दही मोडलास, आणि सांगायला काही आणलंही नाहीस!"

आता मात्र अवधूतला खरी लाज वाटली.