बुदलीचा अंदाज

दादा कम्प्युटर न्यायला येणार होता, म्हणून आईनं सकाळीच तो सासरी पाठवायच्या मुलीसारखा नटवून ठेवला होता. पडदा लख्ख पुसलेला, वायरींची नीट गुंडाळी केलेली, शेजारी दोन रिकामी खोकी.

“त्याच्या पोटात काय असेल ते आधी काढून घे,” आई म्हणाली. “फोटो असतील, काही असेल. एकदा दादाच्या पोरांच्या हातात गेला की संपलं.”

मुलगी बाबांच्या खुर्चीत बसली. खुर्चीच्या एका पायाखाली लिफ्टच्या दाराचं रबर ठोकलेलं होतं. बाबांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता आणि घरातली प्रत्येक डुगडुगणारी वस्तू शेवटी लिफ्टच्या कुठल्या ना कुठल्या सुट्या भागावर येऊन स्थिरावलेली होती. टेबल, कपाट, आईचं शिवणयंत्र. “हे घर एक दिवस आपोआप वर जाईल,” असं आई म्हणायची. आता म्हणत नव्हती.

तिनं बटण दाबलं. बाबा जे पान उघडं टाकून उठले होते तेच समोर आलं. अड्डा.

गेमवेड्या लोकांची इंटरनेटवरची वाद घालायची जागा. एखाद्याच्या ऑफिसाबद्दल घरच्यांना असते तेवढीच माहिती तिला अड्ड्याबद्दल होती. रोज तिथे जायचं, भांडायचं आणि जेवताना ते भांडण घरी पुन्हा सांगायचं. फार वर्षांपूर्वी ‘उलट्या छत्रीचं घर’ नावाचा एक गेम आला होता. त्यात एक छत्र्या दुरुस्त करणारा माणूस होता, त्याची छत्री त्याला उलटून बोलायची, आणि तिकीट तपासनीसाची टोपी घातलेलं एक बदक त्याला प्रत्येक खोलीच्या दारात अडवून कोडं घालायचं. बाबा कोडी सोडवत बसायचे आणि ती मागच्या पलंगावर पुस्तक घेऊन पडलेली असायची. घोडं अडलं की ते मान न वळवता विचारायचे, “तुझी पुस्तकं काय म्हणतात बघ. बदक म्हणतंय, सगळ्यांची तिकिटं मी तपासतो, माझं कोण तपासणार?” तीही पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची, “आरसा धरा त्याच्यापुढे.” आणि दार उघडायचं. दोघांचं बोलणं जास्त करून असंच चालायचं, एकमेकांकडे पाठ करून.

आता त्या गेमचा दुसरा भाग यायचा होता, उद्याच. तो कुणी खेळलेला नव्हता. छोटासा ट्रेलर तेवढा बाहेर पडला होता आणि त्याच्यावर अड्ड्यात रणं माजली होती. आई याला ‘बाजारात तुरी’ एवढंच म्हणायची. पुढची म्हण पूर्ण करायची तसदी घ्यायची नाही.

ट्रेलरमध्ये छत्रीवाला एका उंच घराच्या तळमजल्यावर उभा असतो. लिफ्टचं बटण दाबतो. दिवा लागतो. लिफ्ट येत नाही. तो छत्री उघडतो, मिटतो, बदक जांभई देतं, लिफ्ट येत नाही. संपलं. लिफ्ट का येत नाही, हा प्रश्न.

अड्ड्याची एक रीत होती. गेम यायच्या आधी प्रत्येकानं एकच अंदाज ‘भिंतीवर’ टांगायचा. टांगला की काना-मात्रा बदलायची नाही. कुणी आव्हान दिलं तर मालकानं उत्तर द्यायचं. अंदाज फसला असं मालकाला पटलं तर त्यानं स्वतःच्या हातानं ‘उतरवला’ असं लिहायचं. मालक गप्प बसला, तर भिंत बंद व्हायच्या दिवशी मतं घेऊन तो खाली काढायचा. जे टिकायचे ते, खरे निघोत की खोटे, मालकाच्या नावासकट भिंतीवर कायमचे राहायचे. आणि भिंत आज दुपारी बंद होत होती.

बाबांचं तिथलं नाव ‘बुदली’. तेलाची बुदली, जी त्यांच्या खिशातून बाहेर आली की आई सदरा भिजत घालायला न्यायची. भिंतीवर बुदलीचा अंदाज होता: “लिफ्ट बिघडलेली नाही. वर कुणीतरी दार धरून ठेवलंय.”

त्याच्याखाली आव्हानं लोंबत होती. सगळ्यात मोठा आवाज ‘सुतळी’चा.

“बुदलीराव, नवा ट्रेलर पाहिलात का? लिफ्टला दारच नाही. धरणार काय, कपाळ?”

“बुदलीराव कपाटात लपले वाटतं.”

“अहो, बोला की. हरलेला माणूससुद्धा जेवायला येतो.”

आणि शेवटी अड्डा सांभाळणाऱ्या ‘चौकीदारा’चं, आज सकाळचं: “बुदलीचं उत्तर नाही. मतं आली आहेत. दुपारी अंदाज काढला जाईल.”

तिनं नवा ट्रेलर लावला. तो बाबा गेल्यानंतर आला होता. त्यात लिफ्ट दिसत होती: एक उघडी टोपली, न केबल, न वजनं, न दार. ती चोचीत धरून टोप्या घातलेल्या बदकांचा एक थवा आकाशात फिरत होता.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका शोधणं हाच तिच्या पोटापाण्याचा धंदा. तिला दोनदा बघावं लागलं नाही. बाबा चुकले होते. आणि चूकही अशी की लिफ्टवाल्यानंच करावी. जिथे छत्री बोलते आणि बदक टोपी घालतं, तिथे लिफ्ट मात्र कायद्यानं वागेल, दार लागल्याशिवाय हलणार नाही, असं धरून चाललेला एकटा माणूस.

एक शब्द लिहिला की काम झालं असतं. ‘उतरवला’. तिनं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्या शब्दाखाली नाव त्यांचं पडणार होतं. जो माणूस जन्मात कुणापुढे ‘चुकलो’ म्हणाला नाही, वादात हरायला लागला की चष्मा पुसत बसायचा, त्याच्या तोंडून तो नसताना ते वदवून घ्यायचं?

तिनं लिहिलं: “मी बुदली नाही. बुदलीची मुलगी. बाबा गेल्या महिन्यात गेले. अंदाज उतरवणार नाही.”

 मग एकामागून एक सगळे आले. वाईट वाटलं, कल्पना नव्हती, मोठा माणूस होता. सुतळीनं लिहिलं, “मी जे बोललो ते पुसतो. माफ करा.”

“पुसू नका,” तिनं लिहिलं.

चौकीदारानं मायेनं लिहिलं होतं, ते तिला कळत होतं. “ताई, आम्ही असं करतो. काकांचा अंदाज भिंतीच्या वर, वेगळ्या चौकटीत लावतो. सन्मानानं. त्याला आव्हान नाही, त्याच्यावर वाद नाही.”

बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो अशाच एका चौकटीत होता. महिनाभर माणसं येऊन त्याच्यासमोर बसून गेली होती. देवमाणूस, म्हणाली. शांत, म्हणाली. कुणाला दुखावलं नाही, म्हणाली. बाबा कॅलेंडरशीसुद्धा वाद घालायचे. शेजाऱ्यांशी, बातम्या देणाऱ्या बाईशी, आईशी तर सकाळच्या पहिल्या कपापासून. महिना झाला, त्यांच्याशी कुणी भांडलेलं नव्हतं. मेलेला माणूस म्हणजे ज्याला सगळेच हो म्हणतात तो, हे तिला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

“चौकट नको,” तिनं लिहिलं. “चौकटीत ते घरी आहेत. इथे त्यांना रांगेत राहू द्या, बाकीच्यांच्या बरोबर.”

“पण नियम असा आहे, की आव्हानाला मालकानं उत्तर द्यायचं.”

“त्यांची खुर्ची मला मिळाली, चष्मा मिळाला, घरातला हिस्सा मिळाला. मग भांडण का नाही मिळणार?”

“नियमात तसं नाही, ताई.”

“नियमात नाही म्हणता, पण मनाईही कुठे आहे? दाखवा.”

 चौकीदाराच्या आधी सुतळीनंच लिहिलं.

“हिचा बाप बुदलीच, शंका नको. चौकीदार, वारसा मान्य करा.” आणि लगेच खाली: “मान्य केलंत ना? मग ऐका बुदलीबाई. तुमचे बाबा साफ चुकले. लिफ्टला दार नाही. जे नाही ते धरता येत नाही. काय म्हणणं आहे?”

महिनाभरात पहिल्यांदा तिला नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं. म्हणणं मात्र काहीच नव्हतं. तिचा तपासनीस मेंदू सुतळीच्या बाजूनं होता.

तेवढ्यात दादा आला. घामाघूम, हातात दोरी.

“झालं का तुझं? चल, लवकर उचलू. लिफ्टच्या दारात स्टूल घालून आलोय, नाहीतर ती खाली पळते.”

“हलवायचा नाही,” ती म्हणाली.

“काय हलवायचा नाही?”

“कम्प्युटर. माझं चाललंय.”

दादानं वाकून पडद्याकडे पाहिलं. “बदकं?” तो म्हणाला. “अगं, बाबांचं समजू शकतो. म्हातारपण होतं, वेळ जात नव्हता. तू शहाणीसुरती.”

“बाबांचं काय समजू शकतोस?”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. दादानं दोरी खोक्यावर ठेवली. स्मशानात आगीच्या झळा लागेपर्यंत त्यानंही बाबांना सोडलं नव्हतं. तो वाईट नव्हता, घाईत होता.

“पोरांना सांगून बसलोय गं मी,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

जिन्याच्या पोकळीतून एक आवाज वर चढत आला. तळमजल्यावर राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंचा. “अहो, लिफ्ट बिघडली का? मघापासून बटण दाबतेय. दिवा लागतो, येत कशी नाही?”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हातातलं फडकं तिनं खांद्यावर टाकलं आणि दादाकडे पाहिलं. “हे असते तर त्यांनी तुला त्या स्टुलासकट जिन्यानं खाली पाठवला असता,” ती म्हणाली. “जन्मभर एकच बोंब होती त्या माणसाची. लोक म्हणतात लिफ्ट बिघडली. लिफ्ट बिघडत नाही, वर कुणीतरी गप्पा मारत दार धरून उभं असतं.”

“आई, दोन मिनिटांचा तर प्रश्न—”

“खालच्याला विचार दोन मिनिटं म्हणजे किती.”

मुलगी पडद्याकडे वळली. बोटं आपोआप चालू झाली.

“सुतळी, आमच्या इमारतीत या क्षणी तळमजल्यावर एक बाई उभ्या आहेत. बटण दाबलंय, दिवा लागलाय, लिफ्ट येत नाही. त्या विचारतायत, बिघडली का. बिघडलेली नाही. माझ्या भावानं वर दारात स्टूल घातलंय. तुम्ही म्हणता तुमच्या लिफ्टला दार नाही. नसू दे. बदकं ओढतायत, ओढू देत. पण बदकं वर गेली आणि खाली आली नाहीत, का? वर त्यांना कुणीतरी थांबवलंय. छत्रीवाल्यानं पान्हे शोधत बसायचं नाही. त्यानं वर हाक मारायची. बाबांचं म्हणणं एवढंच होतं.”

सुतळीचं उत्तर यायला वेळ लागला नाही.

“ही गोष्ट झाली. पुरावा नाही झाला.”

“पुरावा उद्या. आज अंदाज.”

“बदकं स्वतःच भटकायला गेली असतील.”

“टोपी घालून कुणी भटकायला जात नाही. ती कामावर आहेत.”

“बुदलीबाई, तुम्ही हरणार आहात. वाईट हरणार आहात.”

“बघू. हरले तर उद्या इथेच असेन. जेवायला येते.”

चौकीदारानं मध्ये लिहिलं: “सुतळी, आव्हान मागे घेता का?”

“मुळीच नाही. पण अंदाज राहू द्या. उद्या मला समोर कुणीतरी पाहिजे हरवायला. रिकाम्या जागेला काय हरवायचं?”

थोड्या वेळानं भिंत बंद झाली. वर चौकट नव्हती. खालून कितव्यातरी ओळीत, दोन येडपट अंदाजांच्या मध्ये, त्याच अक्षरांत, बाकीच्यांइतक्याच आकारात: बुदली. लिफ्ट बिघडलेली नाही. शेजारी आव्हानाचं लाल निशाण तसंच फडकत होतं. ते काढू नये, असं तिनं चौकीदाराला मुद्दाम कळवलं होतं.

दादा पलंगावर बसून हे सगळं पाहत होता, जिथे ती पुस्तक घेऊन पडायची तिथे. “म्हणजे आज नाही न्यायचा,” तो म्हणाला.

“आज नाही. उद्या मला उत्तर द्यायचंय. आणि उद्या बाबा खोटे पडले तर परवाही नाही, कारण मग जास्त उत्तर द्यावं लागेल.”

“आणि खरे पडले तर?”

“तर सुतळीला सोडते की काय मी.”

आईनं तोंडावर फडकं धरलं. ती हसत होती की काय ते कुणाला नीट दिसलं नाही. “पोरांना इथे घेऊन ये उद्या,” ती दादाला म्हणाली. “बसू देत आत्याच्या मांडीला मांडी लावून. भांडायला शिकतील.”

खालून बाईंचा आवाज पुन्हा आला. आता त्यात काकुळती नव्हती, राग होता.

मुलगी उठली, बाहेर गेली आणि लिफ्टच्या दारातलं स्टूल ओढून काढलं. दार लागलं. तिनं जिन्याच्या कठड्यावरून वाकून खाली सांगितलं, “बिघडली नव्हती हो. येतेय आता.”

“मग एवढा वेळ करत काय होतात वर?” बाई म्हणाल्या.

“भांडत होतो,” तिनं सांगितलं, आणि स्टूल घेऊन आत वळली. बाबांच्या टेबलाशी त्या एका खुर्चीशिवाय बसायला दुसरं काही नव्हतं, आणि उद्या पोरं येणार होती.