धाकट्याची भिंत

गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडीकामात उभा जन्म गेलेला. भिंत केसभर कलली तरी पाडून पुन्हा बांधायची, ही त्याची खोड. हा माणूस ओळंब्याची दोरी सोडून पाहिल्याशिवाय शेजाऱ्याच्या कुंपणालाही टेकत नाही, अशी बायको त्याची चेष्टा करी.

अशा माणसाच्या घराला कर कार्यालयानं ‘उत्तम दर्जाचं बांधकाम’ ठरवलं, यात नवल नव्हतं. नवल घरपट्टीचं होतं. ती एका उडीत दुप्पट झाली होती. इकडे ओळंब्याच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता, परांचीवर चढणं बंद झालं होतं आणि घर चालत होतं ते बायकोच्या शिवणावर. हरकत घेण्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

“बांधकामात दोष असेल तर फोटो जोडा, असं नोटिशीत लिहिलंय,” बायको म्हणाली.

“माझ्या घरात दोष?”

“मग भरा दुप्पट पट्टी, आणि बसा स्वतःची पाठ थोपटत!”

सकाळपासून तो दोष शोधत घरभर फिरला. ओल नाही, तडा नाही, कुठे साधा पोपडा नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या कामाचा राग आला. शेवटी त्यानं छिन्नी-हातोडा काढला. पुढच्या भिंतीला हात लावायचा धीर होईना. ती रस्त्यावरून दिसते, येणारे-जाणारे काय म्हणतील? म्हणून तो मागे गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा फोडला. ती भिंत धाकट्या भावानं बांधलेली, एकट्यानं बांधलेली पहिलीच. तेव्हा ओळंब्यानं दोरी सोडून पाहिली होती आणि “जमलं” एवढंच म्हणाला होता. पोरगं त्या एका शब्दावर कितीतरी दिवस हवेत चालत होतं. फोडताना हे आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्यानं हातोडा आणखी जोरात हाणला. बायकोनं फोटो काढला.

कार्यालयात ही रांग! निम्मं गाव शेवटच्या दिवसाची वाट बघत बसलेलं असतं. ओळंब्याच्या मागेच एक ठेकेदार उभा होता. धाकटा सध्या त्याच्याच कामावर होता.

“काय ओळंबाशेठ, तुम्ही इकडे कुठे?” ठेकेदारानं विचारलं. ओळंब्यानं फोटो पालथा धरला.

खिडकीतल्या बाईंनी तो सुलटा केला. “बांधकाम निकृष्ट आहे म्हणता, तर बांधणाऱ्याची सही लागेल. कुणी बांधलं हे?”

स्वतःचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ठेकेदार मागून मान लांब करून फोटोत डोकावला.

“धाकट्या भावानं,” ओळंबा म्हणाला.

“मग बोलवा त्याला लवकर. पाचला खिडकी बंद होते.”

फोन गेला तसा धाकटा काम टाकून पळत आला. कोपरापर्यंत सिमेंट, छातीचा भाता झालेला. दादाला काही झालं की काय, या धास्तीनं त्याचा चेहरा उतरला होता. बाईंनी कागद वाचून दाखवला. ‘मागची भिंत निकृष्ट आहे, काम माझ्या हातून नीट झालं नाही,’ असं त्यावर लिहिलं होतं. धाकट्यानं फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग दादाकडे पाहिलं. दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

“बरोबर आहे,” धाकटा म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

“असं होय!” ठेकेदार मोठ्यानं म्हणाला. “आणि मी याला बाहेरच्या भिंतींवर घेतलाय! उद्यापासून माल कालवायला जा रे बाबा, भिंतीला दुसरा बघतो.”

रांगेतले लोक हसले. धाकटाही कसनुसा हसला. ओळंब्यानं तोंड उघडायला हवं होतं. त्यानं पोच घेतली, नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

बाहेर पायऱ्या उतरल्यावर धाकटा म्हणाला, “दादा, रविवारी येतो मी. गिलावा भरून देतो. छिन्नी जरा खोल गेलीय.”

“छिन्नी? कसली छिन्नी?”

“फोटोत घाव दिसतात की. सगळे उलट्या अंगानं पडलेत.” धाकटा हळू आवाजात बोलत होता, कुणी ऐकू नये म्हणून. “आपल्यात डावखुरा तूच ना.”

ओळंब्याच्या कानशिलांना आग लागली. माणसानं तोंडावर थुंकावं, चारचौघांत शिव्या घालाव्यात, ते परवडलं असतं.

“मग सही कशाला केलीस गाढवा?”

“माझं नाव कुणाला माहीत आहे? गेलं तर गेलं. तुझं जाऊन कसं चालेल?”

ओळंबा मागे वळला. धाकटा “अरे दादा” म्हणेपर्यंत तो कठड्याला धरून, कण्हत, पायऱ्या चढला होता. खिडकी बंद झाली होती. तो मुठीनं तिच्यावर ठोकू लागला. आवाज ऐकून पहारेकरी धावत आला.

“काका, वेळ संपली. काय झालं?”

“माझा अर्ज...” ओळंबा बंद खिडकीकडे बोट दाखवत म्हणाला.

“दिलात ना? पोच मिळाली?”

ओळंब्यानं मान डोलावली.

“मग कशाला जिवाला घोर लावून घेता? गठ्ठा बांधून वर गेला. तुमचा अर्ज वेळेत पोचलाय काका, आता त्याला कुणी हात लावू शकत नाही.”

खाली धाकटा वाट बघत उभा होता. त्याच्यासमोर उतरून जायला ओळंब्याचा पाय उचलेना.